चौथ्या खाटेवरचं पाणी

१

"सही करा आणि मोकळ्या व्हा, मॅडम," अधिष्ठाता म्हणाले आणि अहवाल माझ्यापुढे सरकवला.

चौकशी समितीची अध्यक्ष मी. चौकशी अजून सुरूही व्हायची होती. अहवाल मात्र टाइप होऊन, टाचणी लावून तयार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि हे प्रकरण मिटेपर्यंत ती तिथेच मुक्कामाला राहिली.

मी न्यायवैद्यक शिकवते, म्हणजे शवविच्छेदन करते. माझे रुग्ण कधी तक्रार करत नाहीत, तेव्हा मीही कटकट करणार नाही, असा अधिष्ठात्यांचा हिशेब असावा. माझा अनुभव वेगळा आहे. गप्प पडलेल्या माणसाला नीट हात लावला तर तो भरपूर बोलतो.

प्रकरण असं होतं. डॉक्टर झालेल्या मुलांना पुढे विशेषज्ञ व्हायचं असेल तर एक परीक्षा द्यावी लागते. लेखी आधी होते, मग प्रात्यक्षिक. खाटांवर खरे रुग्ण ठेवतात, प्रत्येक खाटेपाशी दोन परीक्षक. उमेदवाराने माणूस तपासायचा आणि काय सापडलं ते सांगायचं. कोणत्या खाटेवर कोणता आजार हे परीक्षेआधी कुणाला कळता कामा नये. यंदा ते कळलं होतं. परीक्षेच्या सकाळी एका अनोळखी नंबरावरून उमेदवारांत एक संदेश फिरला, त्यात सगळ्या खाटांची उत्तरं होती. फोन दाराशी जमा करायच्या आधीच बहुतेकांनी तो वाचला होता. नंतर कुणाच्या तरी मनाला टोचलं आणि त्याने निनावी तक्रार केली.

"आणि फोडला कुणी म्हणता?"

"पंचनामाने."

पंचनामा म्हणजे एक शिडशिडीत मुलगी. साध्या सर्दीच्या रुग्णालाही डोक्यापासून नखापर्यंत तपासते म्हणून सोबत्यांनी तिला ते नाव दिलेलं. रुग्ण ज्या वॉर्डातून आणले त्याच वॉर्डात ती काम करत होती, आणि परीक्षेच्या सकाळी ती तिथे दिसली होती. एवढाच पुरावा. शिक्षा मात्र घसघशीत. निकाल रद्द आणि तीन वर्षं परीक्षेला बंदी.

मी गुणांचा तक्ता पाहिला. चौथ्या खाटेवर सगळ्यांना भरभरून गुण, पंचनामाला शून्य.

"उत्तरं तिनेच फोडली, मग तिलाच शून्य कसं?"

अधिष्ठात्यांनी घसा साफ केला. "संशय येऊ नये म्हणून ती मुद्दाम चुकली, असं समितीचं मत आहे."

समिती म्हणजे मी. माझं असं मत असल्याचं मला तेव्हाच कळलं. मी पेन पर्समध्ये टाकलं आणि उठले.

२

पंचनामा माझ्या खोलीत आली ती रडवेली नव्हती, चिडलेली होती. मला बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाला पाणी द्यावं लागतं, चिडलेला माणूस मुद्द्याचं बोलतो.

"त्या सकाळी वॉर्डात कशाला कडमडलीस?"

"माझा स्टेथोस्कोप कपाटात राहिला होता, मॅडम. घेतला आणि निघाले. अभ्यासाची रजा होती, महिनाभर मी त्या वॉर्डात पाऊलही टाकलं नव्हतं. आत्ताचे रुग्ण मला ओळखीचेसुद्धा नाहीत."

"संदेश आला होता?"

"मला कोण पाठवणार? मी त्यांच्या कंपूत नाही. तो कंपू भाच्याचा."

भाचा म्हणजे मेडिसिनचे विभागप्रमुख मोठे सर, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. परीक्षेचे मुख्य परीक्षकही मोठे सरच. आपलं नातं आपण लेखी कळवलं आहे, सबब काळजीचं कारण नाही, असं ते सगळ्यांना सांगत असत.

"चौथ्या खाटेवर काय झालं ते सांग."

"एक काका होते. कागदावर फक्त 'दम लागतो, छाती तपासा' एवढंच. मी दोन्ही बाजू बोटाने ठोकून पाहिल्या, आवाज नीट पोकळ येत होता. कान लावला तर श्वास दोन्हीकडे सारखा. म्हणून म्हणाले, छाती स्वच्छ आहे. मोठ्या सरांनी विचारलं, 'छातीत पाणी नाही?' मी म्हणाले, नाही. पाठीवर चिकटपट्टी होती, त्याबद्दल बोलायला गेले तर म्हणाले, 'गोष्टी नकोत. पुढची खाट.'"

"घाबरून चुकली नाहीस ना? खरं सांग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच अंमळ सावरून बसले.

"मॅडम, मी ताईच्या घरी राहते. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांत अभ्यास केला. तिची पोरं माझ्यापायी दोन वर्षं कुजबुजत खेळली. पाणी असतं तर मी पाणी म्हटलं असतं. त्या टेबलाशी परत तीन वर्षं बसायला मला कोण सांगणार? ताईला मी काय सांगणार?" तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "काका अजून वॉर्डात आहेत. तुम्हीच जाऊन बघा की."

३

काका उशांना टेकून बसले होते. आयुष्यभर फुटबॉलचे सामने खेळवलेले रेफरी, त्यामुळे आवाज अजून मैदानभर पोचेल असा.

"आणखी एक? या, या. सगळ्यांनी हात फिरवलाय, तुम्हीच का मागे?"

"मी जरा उशिरा आले, काका. माझं काम एरवी फार शेवटी सुरू होतं."

मी त्यांच्या पाठीवर बोटं ठेवून ठोकलं. डावीकडे पोकळ. उजवीकडे पोकळ. पाणी साठलेलं असतं तर आवाज घट्ट आला असता. उजव्या बाजूला बरगड्यांमध्ये एक चिकटपट्टी होती आणि तिच्याखाली सुईची ताजी खूण.

"हे काय?"

"परीक्षेच्या सकाळी जीव घुसमटत होता हो. या तुमच्या डॉक्टरने सुई घालून पाणी काढलं, तेव्हा कुठे श्वास आला. मग जरा पडलो, तोच म्हणाले चला परीक्षेला. गेलो. आपल्याला काय, बसून राहायचं होतं."

"परीक्षेत मुलांनी कसं तपासलं?"

काका हसले. "एवढे खेळाडू मैदानात आले आणि चेंडूला पाय लावला एकीनेच. ती शिडशिडीत पोरगी. बाकीचे टकटक करायचे खरे, पण नजर त्या साहेबांच्या तोंडाकडे."

खाटेशी निवासी डॉक्टर उभा होता. वॉर्ड सांभाळणारा, परीक्षेला रुग्ण पाठवणारा तरुण. मी त्याच्याकडे वळले.

"पाणी तू काढलंस?"

"हो, मॅडम. उजवीकडून. सिस्टर काकांना धरून बसल्या होत्या. नंतर छातीचा एक्स-रे फोटोही काढला. सगळं स्वच्छ."

"आणि छाती स्वच्छ असलेला माणूस तू 'पाण्याचा' म्हणून परीक्षेला पाठवलास? जीभ गहाण टाकली होतीस?"

मग त्याने सगळं सांगितलं. चौथ्या खाटेवर खरं तर यकृत सुजलेल्या एक आजी यायच्या होत्या. पण त्या सकाळी त्यांची मुलगी आली, "माझ्या आईला आणखी कितीजण चाचपणार?" म्हणाली आणि आजींना घेऊन घरी गेली. त्याने घाईघाईने मोठ्या सरांना फोन केला.

"सर काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांग."

"'मग तो पाण्याचा माणूस ठेव.' एवढंच, आणि फोन ठेवला. मी परत लावला, पाणी काढलंय हे सांगायला. त्यांनी उचलला नाही. मग... मग मी सांगितलंच नाही. मॅडम, पुढच्या वर्षी माझी शेवटची परीक्षा आहे. तीही सरांकडेच."

"कुठल्या बाजूला पाणी, हे त्यांनी विचारलं?"

"नाही."

"तू सांगितलंस? दुसऱ्या कुणी?"

"कुणीच नाही. सर या काकांपाशी कधी आलेच नाहीत. परीक्षेसाठी रुग्ण निवडताना त्यांनी फोटो केबिनमध्ये मागवून घेतले होते."

मी पर्समधून फुटलेल्या संदेशाची प्रत काढली आणि त्याच्यासमोर धरली. चौथ्या खाटेची ओळ त्याने मोठ्याने वाचली: "'काका. छातीत पाणी. डावीकडे.'"

वाचून तो थबकला. स्वतःच्या हाताने सुई घातलेली ती उजवी बाजू त्याने पुन्हा एकदा पाहिली.

"डावीकडे?" तो म्हणाला. "डावीकडे कधीच नव्हतं."

४

मोठ्या सरांच्या केबिनची किल्ली त्यांच्याच खिशात असते. साफसफाईसुद्धा ते समोर बसून करवून घेतात. मी गेले तेव्हा भिंतीवरची उजेडाची पेटी चालू होती आणि तिच्यावर छातीचा एक फोटो लावलेला होता.

"त्या मुलीची मला कीव येते," सर म्हणाले. "हुशार आहे, पण फार ताठ. अशांना एकदा ठेच लागलेली बरी."

तीन वर्षांच्या बंदीला हा गृहस्थ ठेच म्हणत होता. मी दात आवळून पुढचा प्रश्न विचारला.

"परीक्षेआधी परीक्षकांनी प्रत्येक रुग्ण स्वतः तपासायचा, असा नियम आहे ना, सर?"

"आहे. तशी सहीही असते."

"तुम्ही काकांना तपासलंत?"

"मॅडम, इतकी वर्षं काढल्यावर फोटोवर एक नजर टाकली की पुरते. हा काय, याच काकांचा. अजून लावलेलाच आहे. फोटो मी स्वतः लावतो, दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही."

"आणि तुमच्याबरोबर चौथ्या खाटेवर कोण परीक्षक होते?"

"बाहेरून आले होते ते. त्यांची गाडी वाटेत बंद पडली. घंटा होऊन गेल्यावर धापा टाकत थेट खाटेशीच आले बिचारे."

"मग उत्तर त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच, तिथल्या तिथे. आयत्या वेळी बदललेली खाट, टाइप करायला वेळ कुठे होता?"

मी पेटीजवळ गेले. छातीची एक बाजू पांढरीफट, पाण्याने भरलेली. मग मी फोटोचा कोपरा पाहिला. एक्स-रे काढताना तिथे बाजू दाखवणारं अक्षर उमटवतात. ते अक्षर आरशात पाहावं तसं दिसत होतं.

"काय पाहताय?" सरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "फोटो काढू नका. मला परत बघायचाय."

जिन्यातच मी त्या बाहेरच्या परीक्षकांना फोन लावला. ते आधी वर्दळीचा आवाज होतोय म्हणाले, मग आठवत नाही म्हणाले, मग एकदाचे कबूल झाले. काकांना त्यांनी हातही लावला नव्हता, तरी तपासल्याची सही ठोकली होती. "मोठ्या सरांनी डावीकडे पाणी सांगितलं. त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?" असं त्यांनी मलाच विचारलं. एका मुलीच्या हातावर मात्र त्यांना सहज अविश्वास दाखवता आला होता.

५

भाच्याला मी वॉर्डात बोलावलं. सिस्टर आणि निवासी डॉक्टरला काकांच्या खाटेशीच थांबवून घेतलं होतं. गोरागोमटा, गोड बोलणारा मुलगा. येतानाच काकांच्या पाया पडला.

"चौथ्या खाटेवर तू छान उत्तर दिलंस म्हणे. मला कळू दे तरी. कसं तपासलंस?"

"डावीकडे ठोकलं, मॅडम. दगडासारखा घट्ट आवाज आला. श्वास ऐकू येत नव्हता."

"पुन्हा करून दाखव. काका, चालेल ना?"

काकांनी सदरा वर केला. भाच्याने डावीकडे बोटं ठेवली आणि ठोकलं. परत ठोकलं. मग हळूच खाली सरकून ठोकलं. आवाज ढोलक्यासारखा पोकळ, शेजारच्या खाटेवरच्यालाही ऐकू जावा असा.

"आज... आज पाणी कमी झालेलं दिसतंय," तो म्हणाला.

"परीक्षेच्या आधीच काढलं होतं ते, बाळा," काका म्हणाले. "आणि या बाजूला कधी नव्हतंच."

भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी त्याला जास्त छळलं नाही. राग त्याच्यावर होताच, पण मोठा हिशेब वरच्या मजल्यावर चुकवायचा होता.

"संदेश कुठून आला ते आता सांगतोस, की मी सांगू?"

"मी फक्त दोघातिघांना पुढे पाठवला, मॅडम, तोही दुसऱ्या सिमवरून. मित्र आहेत. मामा म्हणाला होता, कुणाला दाखवू नकोस." इतकं बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. तो मटकन शेजारच्या स्टुलावर बसला.

६

सभा अधिष्ठात्यांच्या दालनात भरली. मोठे सर, मी आणि कोपऱ्यात उभी पंचनामा. तिला खुर्ची कुणी दिली नव्हती, म्हणून मी माझी दिली आणि उभी राहिले. तसंही रागात मला बसवत नाही.

केबिनमधला तो फोटो मी शिपायाकडून मागवून घेतला होता. किल्ली द्यायला मोठे सर का कू करत होते, तेव्हा अधिष्ठात्यांनाच सांगावं लागलं.

"आधी हे बघा," मी म्हटलं आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "सरांच्या पेटीवर हा असा होता. पाणी काकांच्या डावीकडे दिसतं. पण हे अक्षर पाहा, उलटं आहे. फोटो पालथा लावला होता. आता सरळ करते." मी तो फिरवला. पांढरी बाजू काकांच्या उजवीकडे गेली. "पाणी होतं ते उजवीकडे. सुईची खूण उजवीकडे. निवासी डॉक्टर, सिस्टर, खुद्द काका, ज्यांनी ज्यांनी ते पाणी पाहिलं ते सगळे उजवीकडे म्हणतात. डावीकडे म्हणणारे दोघेच. एक हा पालथा फोटो, आणि दुसरा तुमचा फुटलेला संदेश."

अधिष्ठाता पुढे सरकले. "म्हणजे?"

"म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने काकांना पाहिलं नव्हतं, हा फोटो पाहिला होता. हा फोटो सरांच्या केबिनमध्ये, सरांनी स्वतः लावला, किल्ली सरांच्या खिशात. आता वेळ पाहा. आजींचं जाणं आणि काकांचं येणं त्याच सकाळचं. संदेशात काका आहेत, म्हणजे तो सरांच्या फोननंतर लिहिला गेला आणि उमेदवारांचे फोन जमा व्हायच्या आधी पोचला. तेवढ्या वेळात 'डावीकडे' हा शब्द या इमारतीत एकाच माणसाच्या डोक्यात होता. बाहेरच्या परीक्षकांना तो घंटा झाल्यावर कळला. निवासी डॉक्टरला तर मी दाखवला तेव्हा कळला."

"हे सगळे तर्क आहेत," मोठे सर म्हणाले.

"तर्कच आहेत. तुमच्या भाच्याने मात्र काल सिस्टरांच्या आणि निवासी डॉक्टरच्या समोर मामाचं नाव घेतलं. तो बाहेर बसलाय. बोलावू?"

सरांनी टेबलाकडे पाहिलं.

"तुम्ही उत्तर फोडलंत, सर, ते वाईटच. पण माझं डोकं कशाने फिरलं सांगू? जे पाणी काढून झालं होतं, आणि जे त्या बाजूला कधी नव्हतंच, ते या मुलांना सापडलं. रांगेने सापडलं. तुम्ही त्यांना भरभरून गुण दिलेत. उद्या ही मुलं खऱ्या माणसाच्या छातीत सुई घालतील, आणि कुणीतरी सांगितलेल्या बाजूला घालतील. जिने काकांना हात लावून खरं सांगितलं तिला शून्य दिलंत. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून चोरीचं खापरही तिच्याच डोक्यावर फोडलंत."

अधिष्ठात्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि त्यांच्या ठेवणीतला आवाज काढला. "बरं, बरं. आपण मध्यम मार्ग काढू. मोठे सर तब्येतीच्या कारणाने रजेवर जातील. परीक्षा सगळ्यांचीच रद्द करू, पुन्हा घेऊ. मुलीवरचा ठपका काढू. तीही सगळ्यांबरोबर बसेल. म्हणजे कुणावर अन्याय नको."

"हिने पुन्हा का बसायचं?"

"मॅडम, एकीलाच पास केलं तर गवगवा होईल."

"होऊ दे. नाही झाला तर मी करीन. हिची परीक्षा झालेली आहे आणि उत्तर बरोबर आहे. पाणी काढल्यानंतरचा फोटो या पाकिटात आहे, बघून घ्या. बाकीच्यांची घ्या की पुन्हा, हव्या तितक्या वेळा. आणि तब्येतीची रजा कसली? सरांची तब्येत ठणठणीत आहे. अहवाल मी लिहिलाय. त्यात जे झालं तेच लिहिलंय, आणि त्याची प्रत विद्यापीठाला गेलीसुद्धा."

प्रत गेल्याचं ऐकल्यावर अधिष्ठात्यांचा मध्यम मार्ग तिथेच संपला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग निकालपत्र पुढे ओढलं. पंचनामाच्या चौथ्या खाटेपुढचं शून्य खोडून त्यांनी पूर्ण गुण लिहिले आणि बाजूला सही केली. ती पास झाली होती, पुढच्या शिक्षणाची जागा तिला मिळाली होती.

"अभिनंदन," ते तिला म्हणाले. "जा आता. घरी कळव."

ती उठली, पण गेली नाही. सरळ मोठ्या सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, छातीत काय सापडलं. मी सांगितलं. तुम्ही सगळ्यांसमोर चूक म्हणालात." तिचा आवाज आता कापत नव्हता. "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय होतं?"

"जाऊ दे ना आता," अधिष्ठाता म्हणाले. "झालं ते झालं."

ती हलली नाही. मीही जागची हलले नाही. सरांनी एकदा दाराकडे पाहिलं, पण दाराकडे जायचं तर तिला ओलांडून जावं लागणार होतं.

"छाती स्वच्छ होती," ते अखेर पुटपुटले.

"दोन्हीकडे?" पंचनामाने विचारलं.

"दोन्हीकडे."

तिने मान डोलावली, माझी खुर्ची होती तिथे परत नेऊन ठेवली आणि ताईला फोन करायला बाहेर गेली.